जुनी फटफटी

आपल्या गावांत आता फटफटी नवी राहिलेली नाही. घरटी नाही, तरी आळीत चार-पाच तरी असतात. कुणी दुधाचे कॅन नेतो. कुणी भाजी बाजारात पोचवतो. कुणी कारखान्यात पाळीवर जातो. नवी गाडी प्रत्येकाला परवडत नाही. म्हणून पुष्कळ जण जुनी गाडी घेतात, किंवा घरातली पडून असलेली जुनी गाडी बाहेर काढतात. मग तिला आपल्या मनासारखे रूप द्यावेसे वाटते. ही हौस वाईट नाही. पण पैसा थोडा असला, की तो कुठे आधी घालायचा हे कळले पाहिजे. या धड्यात एका मामाची आणि भाच्याची गोष्ट आहे. ती वाचा. आपल्या गाडीशी ताडून पाहा.

पत्र्याच्या शेडमधली गाडी

कराडच्या बाजूच्या एका गावात हा भाचा राहतो. तो दूध संकलन केंद्रावर कामाला आहे. केंद्र घरापासून तीन कोस. वाटेत एक उतार आहे. रोज पहाटे तो कुणाच्या तरी टेम्पोत बसून जाई. टेम्पो चुकला, की खाडा पडे.

घरामागच्या शेडमध्ये त्याच्या बाबांची फटफटी उभी होती. हिरो होंडा कंपनीची स्प्लेंडर. ही गाडी १९९४ साली बाजारात आली आणि खेडोपाडी पोचली. बाबांनी ती २००८ साली घेतली होती. पुढे बाबा आजारी पडले, तशी गाडी दोन वर्षे जागची हलली नाही. बाबा गेले. गाडीवर धूळ बसली. कोंबड्या सीटवर झोपू लागल्या.

भाच्याने आठ हजार रुपये साठवले होते. त्याने मामांना बोलावून घेतले. मामा जुने मिस्त्री. राजदूत आणि येझदी या गाड्यांवर त्यांची उमर गेली. लिहिणे-वाचणे मात्र त्यांना कधी जमले नाही.

मामा आले. चहा झाला. भाच्याने मोबाइलवर चित्रे दाखवली.

"मामा, अशी करायची. मागचा टायर रुंद. मडगार्ड कापायचा. सीट अर्धी. आणि सायलेन्सर असा बसवायचा, की चावडीपर्यंत आवाज गेला पाहिजे."

"आणि नंबरपाटी?" मामांनी विचारले.

"४१४१ घेता आला तर बघू. इंग्रजी आकडे जरा वाकवून काढले, की 'दादा' वाचता येतं."

मामा हसले. ते उठून गाडीपाशी गेले. त्यांनी गाडी ढकलली आणि पुढचा ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. तशीच पुढे गेली आणि भिंतीला टेकली.

"बघितलंस?" मामा म्हणाले. "ही थांबत नाही. आवाज चावडीपर्यंत जाईल, आणि पाठोपाठ तूही जाशील."

आई दारात उभी होती. ती काही बोलली नाही. पण भाच्याने तिच्या तोंडाकडे पाहिले आणि मोबाइल खिशात ठेवला.

"मग काय करायचं, मामा?"

"तीन गोष्टी ध्यानात धर. आधी गाडी थांबली पाहिजे. मग चालली पाहिजे. मग दिसली पाहिजे. पैसा याच क्रमानं घालायचा. उलटा घातलास, तर पैसाही जाईल आणि माणूसही."

कागद आधी

मामा म्हणाले, "पाना उचलायच्या आधी कागद काढ."

आईने ट्रंकेतून प्लास्टिकची पिशवी आणली. तीत नोंदणीचे कागद होते, विम्याचा कागद होता आणि गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका होती. भाचा पाचवीपर्यंत शिकलेला. तो बोट ठेवून सावकाश वाचू लागला.

नोंदणीच्या कागदावर मालकाचे नाव असते. गाडीचा रंग असतो. इंजिनाचा आणि चेसिसचा नंबर असतो. हेच दोन नंबर गाडीवरही ठोकलेले असतात. ते चिंधीने पुसून कागदाशी ताडून पाहावेत. जुनी गाडी विकत घेताना तर हे केल्यावाचून पैसे देऊ नयेत. नंबर जुळले नाहीत, तर ती गाडी घेऊ नये.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पुढे गाडी तपासून घेऊन दर पाच वर्षांनी ती नवी करावी लागते. बाबांनी २०२३ साली ती करून घेतली होती. पण गाडी अजून बाबांच्याच नावावर होती. मालक वारला, तर वारसाने तीस दिवसांच्या आत आरटीओ कचेरीला कळवायचे असते. तीन महिन्यांच्या आत गाडी आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यायचा असतो. त्या अर्जाचा नमुना ३१ नंबरचा. घरात दुःख असते, म्हणून हे राहून जाते. भाच्याचेही राहिले होते. त्याने दुसऱ्याच आठवड्यात जाऊन उशिराचा दंड भरला आणि गाडी नावावर करून घेतली. विमाही नवा केला. हा खर्च आठ हजारांत धरलेला नव्हता. तो आईने दिला.

काय बदलता येते, काय नाही

गाडी आपली असली, तरी तिच्यात हवा तो बदल करता येत नाही. १९८८ सालचा मोटार वाहन कायदा आहे. त्याचे ५२ वे कलम सांगते, की कंपनीने दिलेल्या मूळ माहितीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितले. त्याच वर्षी कायदा अधिक कडक झाला. नियम सोडून बदल केला, तर मालकाला एकेका बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. कैदही होऊ शकते.

आता भाच्याची यादी पाहू.

सायलेन्सर. इंजिनात पेट्रोल पेटते, तेव्हा धूर धडाक्याने बाहेर येतो. सायलेन्सरच्या आतल्या कप्प्यांतून फिरता फिरता त्याचा जोर मोडतो. कप्पे काढले, की धडाका तसाच बाहेर पडतो. तान्ही मुले दचकतात. आजारी माणसाची झोप मोडते. अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडले आहेत. म्हणजे पैसे गेले ते गेलेच.

रुंद टायर. तो चेनच्या झाकणाला घासतो. गाडी जड चालते आणि पेट्रोल जास्त पिते.

मडगार्ड आणि साडीगार्ड. मडगार्ड कापला, तर चिखल मागच्यांच्या तोंडावर उडतो. मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ, पाय ठेवायला पायठा आणि चाकावर आडोसा असलाच पाहिजे, असा नियम आहे. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात गेली, तर काय होते हे आपण ऐकलेले आहे.

नंबरपाटी. अक्षरे आणि आकडे नियमात सांगितल्याप्रमाणेच हवेत. वाकडे नकोत. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांनाही महाराष्ट्रात आता सरकारी सुरक्षा नंबरपाटी लावावी लागते.

रंग. रंगाचीही नोंद कागदावर असते. दुसरा रंग द्यायचा, तर आरटीओत तशी नोंद करून घ्यावी. गाडी काळी होती. भाच्याने काळीच ठेवायचे ठरवले. एक हेलपाटा वाचला.

गाडी थांबली पाहिजे

रविवारी कामाला सुरुवात झाली. मामांनी हत्यारे मांडली. पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, हातोडी. चिंध्या आणि बशीत थोडे डिझेल. भाच्याने अंड्यांचा रिकामा ट्रे आणला. काढलेले नट-बोल्ट काढले त्या क्रमाने एकेका खळग्यात ठेवायचे. परत बसवताना उलट्या क्रमाने घ्यायचे. उघडण्याआधी मोबाइलवर फोटोही काढून ठेवावा. नवशिक्याची अर्धी चूक एवढ्याने टळते.

आधी ब्रेक. या गाडीला ड्रमचे ब्रेक आहेत. ड्रममध्ये दोन अर्धगोल शू असतात. त्यांना लायनर चिकटवलेले असते. ब्रेक दाबला, की शू फाकतात आणि लायनर ड्रमला घासते. लायनर झिजले, की ब्रेक लागत नाही.

ते उघडल्याशिवायही कळते. चाकापाशी ब्रेकच्या दांडीवर बाण असतो. जवळच एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला भिडला, तर लायनर संपले असे समजावे. भाच्याने ब्रेक दाबला. बाण खुणेला भिडला होता.

चाक काढले. ड्रममध्ये काळी धूळ होती. भाचा फुंकर मारायला वाकला. मामांनी त्याचा खांदा धरला.

"फुंकायचं नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ छातीत बसते, ती निघत नाही. ओल्या फडक्यानं पूस आणि फडकं टाकून दे."

नव्या लायनरला तेलाचा किंवा ग्रीसचा हात लागू द्यायचा नाही. लागला, तर ब्रेक घसरतो. ब्रेकच्या वायरी तुटायला आल्या होत्या, त्याही बदलल्या.

मग टायर. पुढच्या टायरच्या खाचा चांगल्या होत्या. तो दोन वर्षे उभ्या गाडीला होता, तरी त्याला भेगा नव्हत्या. मागचा गुळगुळीत झाला होता. खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांबरोबर आला, की तो बदलायचाच. टायरच्या बाजूवर चार आकडे एका चौकटीत असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५१८ म्हणजे २०१८ सालचा पस्तिसावा आठवडा. दुकानदार "नवा आहे" म्हणेल. आपण आकडा वाचावा. वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर न वापरताही कडक होतो.

भाच्याने दुकानात आकडा वाचला. पहिला टायर परत दिला. दुसरा मागितला. दुकानदाराने मुकाट्याने दिला.

गाडी चालली पाहिजे

टाकीतले पेट्रोल दोन वर्षांचे होते. त्याला आंबूस वास येत होता. ते डब्यात काढले. असे पेट्रोल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये. टाकी रिकामी झाली, म्हणजे धोका गेला असे मुळीच नाही. उलट रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ भरलेली असते. ठिणगी पडली, तर स्फोट होतो. जवळ चूल नको, बिडी नको. टाकीला वेल्डिंग तर कधीच घरी करू नये.

कार्बोरेटर उघडून साफ केला. प्लग नवा घातला. एअर फिल्टर झटकून घेतला.

मग चेन. मामांनी डावा हात पुढे केला. त्यांच्या तर्जनीचे शेवटचे पेर नाही.

"हे कशानं गेलं, माहीत आहे? गाडी डबल स्टँडवर होती. इंजिन चालू, गाडी गिअरमध्ये. मला वाटलं, चेन आपोआप फिरतीय, आपण नुसतं फडकं धरू. फडकं चेननं ओढलं. फडक्याबरोबर बोट गेलं. मी तेव्हा तुझ्याएवढा होतो."

भाचा काही बोलला नाही. त्याने गाडीची किल्ली काढली आणि खिशात टाकली.

चेन साफ करताना, तेल देताना इंजिन बंद पाहिजे. चाक हाताने फिरवावे. चेनच्या झाकणाला एक भोक असते. त्यावरचे रबरी बूच काढून बोटाने चेन वर-खाली करून पाहावी. साधारण एक इंच हलावी. फार सैल असली, तर उतरते. फार ताणली, तर तुटते. ही चेन आणि तिची चक्रे झिजली होती. तिन्ही एकदम बदलली. नुसती चेन बदलली, तर जुन्या चक्रांचे दाते नव्या चेनला खातात.

शेवटी इंजिन ऑइल. इथे एक मजा झाली.

राजदूत, येझदी या गाड्या टू-स्ट्रोक. त्यांच्या पेट्रोलातच ऑइल मिसळावे लागे. ही गाडी फोर-स्ट्रोक. हिचे ऑइल इंजिनाच्या पोटात वेगळे असते. ते मोजायला एक पट्टी असते. पट्टीवर दोन खुणा असतात. ऑइल दोन्हींच्या मध्ये पाहिजे. मामांनी पट्टी पुसली, घातली, आटे फिरवून घट्ट केली आणि काढून पाहिली.

"भरलं. बरोबर आहे."

भाचा पुस्तिका वाचत होता. तो अडखळत म्हणाला, "मामा, इथं लिहिलंय, आटे फिरवायचे नाहीत. पट्टी नुसती टेकवायची आणि काढायची. गाडी सपाट जागी सरळ उभी पाहिजे."

मामांनी तसे केले. पट्टी आता वरच बसली, म्हणून ऑइल खालच्या खुणेलाही पोचत नव्हते. आटे फिरवल्यामुळे पट्टी खोल गेली होती आणि ऑइल पुरेसे वाटले होते. ऑइल कमी पडले, तर इंजिन आतून घासून खराब होते.

मामा थोडा वेळ पट्टीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "इतकी वर्षं मी हातानं शिकलो. पण कागद बोलतो, ते मला ऐकू येत नाही. आज तू होतास म्हणून बरं झालं. वाच, पुढं काय लिहिलंय?"

भाच्याने पान उलटले. पुस्तिकेच्या शेवटी कोऱ्या पानांवर बाबांचे अक्षर होते. 'ऑइल बदलले.' पुढे तारीख. पुन्हा 'ऑइल बदलले.' पुढे तारीख. अशी दोन पाने भरली होती. शेवटची ओळ अर्ध्या पानावर थांबली होती.

आता दिसली पाहिजे

थांबणे झाले. चालणे झाले. मग मामा म्हणाले, "हं. आता काढ तुझा मोबाइल."

हिशेब केला, तर हौसेला पैसे उरले होते. सीटला तपकिरी रेक्झिनचे कव्हर शिवून घेतले. आतला दबलेला फोम बदलला. हँडलला आणि चाकाच्या रिमला गंज होता. तव्यावरच्या भाकरीला गुंडाळतात तो चांदीसारखा कागद पाण्यात बुडवून त्याने घासले. कागद चकाकीला ओरखडे न पाडता गंज काढतो. खर्च जवळजवळ नाही.

टाकीचा रंग भाच्याने स्वतः दिला. रंगात घाई उपयोगी नाही. आधी साबणाने धुवावे. गंज पॉलिश पेपरने काढावा. आधी खरखरीत, मग बारीक, पाणी लावून. वाळल्यावर प्रायमर. मग रंग. डबा वीतभर लांब धरावा आणि हात सारखा चालता ठेवावा. एक जाड थर देऊ नये, ओघळ येतात. तीन पातळ थर द्यावेत, मध्ये वाळू द्यावे. पावसाळ्यात रंग देऊ नये. हवेतल्या ओलाव्याने तो पांढुरका पडतो. मोकळ्या हवेत, तोंडाला फडके बांधून काम करावे.

पहिल्यांदा ओघळ आलाच. भाच्याने तो घासून काढला आणि पुन्हा थर दिला. शेवटी बारीक ब्रशने एक तांबडी रेघ ओढली. रेघ एका जागी जरा वाकडी गेली आहे. ती तशीच आहे.

हिशेब

भाच्याने वहीत असा खर्च लिहिला. भाव गावागावांत वेगळे असतात. आपण आपल्या दुकानात विचारून लिहावेत.

ब्रेक-शू, पुढचे व मागचे – ५५० रुपये
ब्रेकच्या व क्लचच्या वायरी – ३०० रुपये
मागचा टायर व ट्यूब – २,००० रुपये
चेन आणि चक्रे – १,१०० रुपये
इंजिन ऑइल – ४०० रुपये
प्लग – १०० रुपये
बल्ब, इंडिकेटर, आरसे – ४५० रुपये
पॉलिश पेपर, प्रायमर, रंग – १,२०० रुपये
सीटचे काम – ६०० रुपये
आयएसआय खुणेचे हेल्मेट – १,१०० रुपये
एकूण – ७,८०० रुपये
शिल्लक – २०० रुपये

मजुरी लिहिलेली नाही. मामांनी घेतली नाही. शिल्लक दोनशेचे पेट्रोल भरले.

पहिली फेरी

पहिली फेरी भाच्याने शाळेच्या मोकळ्या मैदानावर मारली. चालण्याच्या वेगाने गाडी घ्यायची आणि ब्रेक लावायचा. मग जरा अधिक वेगाने. नवे लायनर बसायला थोडे दिवस लागतात. तोवर जोरात जाऊ नये.

आठ दिवसांनी तो पहाटे केंद्रावर निघाला. उताराच्या तळाशी अंधारात रस्त्यावर एक म्हैस बसली होती. दिवा तिच्यावर पडला. भाच्याने दोन्ही ब्रेक लावले. गाडी म्हशीच्या दोन हात अलीकडे उभी राहिली. म्हैस उठली नाही. भाच्याने गाडी बाजूने काढली आणि तो वेळेवर कामावर पोचला.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने पुस्तिका काढली. बाबांच्या शेवटच्या ओळीखाली त्याने सावकाश लिहिले, 'ऑइल बदलले.' पुढे तारीख घातली. आईने ती ओळ पाहिली आणि पिशवी पुन्हा ट्रंकेत ठेवली.

लक्षात ठेवा

१. आधी ब्रेक आणि टायर. मग इंजिन आणि चेन. रंग शेवटी.
२. चेनला हात लावताना इंजिन बंद आणि किल्ली खिशात.
३. रिकाम्या टाकीजवळही आग नेऊ नये.
४. ब्रेकची धूळ फुंकू नये.
५. कागदाशी न जुळणारा बदल करू नये.

उत्तरे सांगा

१. ब्रेकचे लायनर संपले हे न उघडता कसे ओळखाल?
२. टायरवर २४२३ असे आकडे आहेत. तो केव्हा तयार झाला?
३. मामांचे बोट कशामुळे गेले?
४. ऑइल पाहताना मामांची चूक कोणती झाली? ती कशी कळली?

करून पाहा

आपल्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीचे नोंदणीचे कागद वाचा. मालकाचे नाव, रंग आणि नोंदणी कधीपर्यंत आहे ते वहीत लिहा. मग गाडीला काय काय लागेल त्याची यादी करा. थांबणे, चालणे, दिसणे असे तीन भाग पाडा. प्रत्येकापुढे दुकानातला भाव लिहा आणि बेरीज करा.